चौदाशे चाळीस गावं

"आईचं घर जागेवर नाहीये," हेडसेट डोक्यावरून काढता काढता कौस्तुभ म्हणाला.

केतकीने हेडसेट त्याच्या हातातून घेतला आणि त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. "नीट बघितलंस? तिठ्यावरून वळलास ना?"

"तिठाच नाही. तिथे पिठाची गिरणी आहे. नदी तीच आहे, टेकडी तीच आहे, पण घरं कुणीतरी उचलून इकडची तिकडे ठेवलीत."

"दमला असशील. उद्या पुन्हा जाऊ."

"मी दमलेलो नाही, केतकी. मी हरवलोय."

ज्या गावाबद्दल तो बोलत होता ते गाव तिनेच लिहिलेल्या प्रोग्रॅममधून उगवलेलं होतं. तिथली घरं हलू शकत नाहीत हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने त्या सकाळी प्रोग्रॅम ओळीन्‌ओळ तपासला होता आणि त्यात तिळाएवढी चूक सापडली नव्हती. म्हणजे चूक कौस्तुभचीच, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. शहाण्या माणसांचं हे असं असतं. स्वतःचं काम चोख आहे म्हटल्यावर जग चुकलेलं असणार, याबद्दल त्यांना शंका राहत नाही.

कौस्तुभ सबनीस सांगलीतला जनावरांचा डॉक्टर. पंचक्रोशीतल्या म्हशी त्याला ओळखायच्या, आणि त्यालाही म्हशी त्यांच्या मालकांच्या आधी आठवायच्या. दोन वर्षांपूर्वी त्याला मेंदूज्वर झाला. ताप उतरला, पण तोवर मेंदूतली आठवणी ठेवायची जागाच होरपळून गेली होती. केतकीला, स्वतःच्या बायकोला, तो रोज नव्याने नमस्कार करायचा. आईला विचारायचा, तुम्ही कुणाकडे आलात.

मिरजेत तेव्हा 'सावली' नावाचं केंद्र नुकतंच सुरू झालं होतं. तिथे रुग्णाच्याच कातडीतून वाढवलेल्या नव्या पेशी मेंदूतल्या हिपोकॅम्पस नावाच्या भागात सोडत. पेशी जगतही. पण नुसत्या जगून भागत नाही, त्यांना काहीतरी धरून ठेवायला शिकवावं लागतं, आणि इथेच घोडं पेंड खात होतं. हिपोकॅम्पस आठवणी ठेवतो त्या जागांच्या आधाराने. एखादी गोष्ट विसरलो की आपण ज्या खोलीत ती मनात आली होती तिथे परत जातो, आणि उंबरठ्यावर पाय ठेवताच ती आठवते. ते उगीच नाही. मेंदू आठवणी जागांच्या खुंट्यांवर टांगत असतो. नव्या पेशींना अशी जागा हवी असते जी कधीही बदलत नाही. खरं जग या कामाला अगदीच कुचकामी. सांगलीत एका महिन्यात चार रस्ते खणले जातात आणि दहा दुकानांच्या पाट्या बदलतात.

म्हणून डॉक्टरांनी गेम लिहिणाऱ्यांकडे धाव घेतली. केतकी तेव्हा कोल्हापुरातल्या एका कंपनीत होती. तिच्या गेममध्ये प्रत्येक खेळणाऱ्याला एक नवाकोरा गड मिळे: वेगळे बुरुज, वेगळी तळघरं, वेगळ्या चोरवाटा. लाखो गड, आणि एकही कुठे साठवलेला नाही. त्यामागची युक्ती जुनीच आहे. संगणकाला लहर म्हणून नसते. 'मनाला येईल तो आकडा सांग' म्हटलं तर त्याला मनच नाही. तो फक्त हिशेब करू शकतो. म्हणून त्याला पहिला आकडा आपण द्यायचा. त्यावर किचकट गुणाकार-भागाकार करून तो दुसरा काढतो, दुसऱ्यावरून तिसरा, असे लाखो. बघणाऱ्याला वाटतं फासे पडताहेत. पण पहिला आकडा तोच दिला, तर पुढचे लाखो आकडे त्याच क्रमाने, तेच येतात. या पहिल्या आकड्याला धंद्यातले लोक सीड म्हणतात. गेम तपासणारे तर सीड बांधूनच टाकतात, म्हणजे आज ज्या दगडाला ठेच लागली तो दगड उद्याही तिथेच सापडतो. गड जपून ठेवायची गरज नाही. सीड जपलं की गड जपला.

'सावली'त तिने गडांऐवजी गावं उगवली. प्रत्येक रुग्णाला त्याचं स्वतःचं गाव. दुसऱ्या कुणीही तिथे शिरायचं नाही, त्याने काय पाहिलं ते साठवायचं नाही आणि घरच्यांनी त्याबद्दल खोदून विचारायचं नाही, कारण सांगता सांगता आठवण बदलते. रुग्ण ज्या घरात थांबेल तिथे त्याला एकेका माणसाचा आवाज, फोटो, किस्से भेटत. कौस्तुभने तिठ्यावरच्या एका घरात आईला ठेवलं आणि टेकडीखालच्या एका घरात केतकीला. वर्षभरात त्याने दोघींना पुन्हा ओळखलं. एका संध्याकाळी तो केतकीला म्हणाला, "लग्नात तुझ्या भावाने माझा बूट लपवला होता, तो अजून दिलेला नाही," तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन पोटभर रडली होती.

आता राहिला प्रश्न सीड कुठून घ्यायचं याचा. गेममध्ये खेळाडूने बटण दाबलं त्या क्षणाची वेळ घेतात. केतकीला ते पुरेना. क्षण निघून जातो, नोंद हरवली तर गाव कायमचं गेलं. बैठकीत तिने सुचवलं की सीड रुग्णाच्या जन्मावरून काढू. तारीख आणि ठिकाणावरून जमीन, नदी, टेकडी. आणि जन्मवेळेच्या तासा-मिनिटावरून घरं आणि रस्ते. सगळे हसले. केतकी म्हणाली, "हसू नका. सर्व्हर बसतात, नोंदी जळतात, पण आपल्याकडे पोराची जन्मवेळ कुठली आई विसरते? याच्याहून पक्का बॅकअप मला दाखवा." पत्रिकेवर तिचा विश्वास होता अशातला भाग नाही. मंगळ हा तिच्या लेखी एक ग्रह होता. पण आयांच्या पाठांतरावर तिचा पूर्ण विश्वास होता. बैठकीने मान डोलावली.

त्यानंतर या पावसाळ्याच्या आधी केंद्राने सर्व्हर बदलला. बदलताना सगळी सीडं पुसली गेली, आणि बॅकअप म्हणून जे ठेवलं होतं ती त्या पुसलेल्या पाटीचीच नक्कल निघाली. केंद्रातल्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. केतकी मात्र ऐटीत होती. घरोघरी फोन झाले, जन्मवेळा आल्या, गावं पुन्हा उगवली. कौस्तुभची वेळ विचारायला तिला फोनही करावा लागला नाही. लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांनी हट्टाने मागून घेतलेली पत्रिका तिने पाहिलेली होती. सकाळी नऊ चोवीस. तिने ती भरली आणि पुढे गेली.

आणि आता आईचं घर जागेवर नव्हतं.

*

आठवडाभर ती त्याला त्या गावात पाठवत राहिली. "नीट आठव," असं रोज सांगत राहिली. तो बिचारा रोज जायचा आणि रोज घामाघूम होऊन परत यायचा. एके दिवशी बाहेर आला तेव्हा त्याने केतकीला नाव विचारलं नाही, पण हाक मारताना एक क्षण अडखळला. तो एक क्षण केतकीच्या काळजात रुतला.

त्याच दुपारी डॉक्टर रेणुका इनामदारांनी तिला खोलीत बोलावलं. या केंद्राच्या प्रमुख. कमी बोलायच्या, आणि बोलायच्या ते ऐकणाऱ्याला नको असायचं तेच.

"दोन घरांतून माणसं येऊन गेली," त्या म्हणाल्या. "गुपचूप. एका मुलाचा जन्म अमावास्या लागल्यावर झाला होता, म्हणून आजीने वेळ अर्धा तास मागे घेतली होती. दुसऱ्याचं मूळ नक्षत्र टाळलं होतं. दाखल करताना औषधपाण्याचा मामला म्हणून त्यांनी खरी वेळ सांगितली, आणि परवा फोनवर सवयीने पत्रिकेतली. वेळ दुरुस्त केली, दोघांना आपापलं गाव मिळालं."

केतकीच्या पायाखालची वाळू सरकली. कौस्तुभला दाखल केलं त्या दिवशी ती याच खोलीत बसली होती. खाली नर्सने वेळ विचारली ती तिच्या सासूला, शैलजाबाईंना. सीड तयार झालं आणि खासगीपणाच्या नियमाप्रमाणे वेळ पुसली गेली.

"म्हणजे आठ दिवस मी त्याला परक्या गावात सोडत होते," ती म्हणाली.

"नदी-टेकडी तीच असल्यामुळे ते जास्त वाईट झालं. सगळंच वेगळं असतं तर मेंदूने त्याला नवं गाव मानलं असतं. इथे तो जुनंच शोधतो, आणि प्रत्येक वेळी नव्या पेशींना उत्तर मिळतं, 'नाही'. खूपदा नाही ऐकलं की पेशी ती गाठ सोडून देते. मग ती परत बांधता येत नाही. मी आता सत्रं थांबवतेय. खरी वेळ आणा. एखादी चूक त्याला अजून झेपेल. दुसरी झेपणार नाही."

*

शैलजाबाई स्वयंपाकघरात गवार मोडत बसल्या होत्या. केतकी समोर पाट ओढून बसली.

"आई, कौस्तुभची खरी जन्मवेळ काय?"

शेंग मोडता मोडता त्यांचा हात थांबला. "पत्रिकेत आहे ना."

"पत्रिका लग्नासाठी जुळवलेली असणार. मला त्याचं काही नाही वाटत, आई. माझे बाबा गेले, ज्यांना वाटलं असतं ते आता नाहीत. मंगळ असू दे, शनी असू दे, काय वाट्टेल ते असू दे. मला फक्त खरी वेळ सांगा."

"खरीच हवी का?"

"म्हणजे काय? खोट्या वेळेनेच हे सगळं झालंय. तो मला विसरायला लागलाय, आई. उद्या तुम्हाला विसरेल."

शैलजाबाईंनी गवारीचं ताट बाजूला सारलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की एरवी केतकी तिथेच थांबली असती. पण ती तेव्हा थांबण्याच्या स्थितीत नव्हती. "आठवून सांगते," एवढंच त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

आठवून? जिच्या पाठांतराच्या भरवशावर केतकीने एवढी गावं उगवली, ती बाई म्हणते, आठवून सांगते.

दुसऱ्या दिवशी शैलजाबाईंनी पिशवी भरली आणि पुण्याला मावसबहिणीकडे जाऊन येते म्हणाल्या. केतकीला राग आवरेना. "मुलगा तिकडे अर्धा झालाय आणि तुम्हाला बहीण आठवते?" असं ती तोंडावर बोलली. म्हातारीने ऐकून घेतलं आणि रिक्षात बसली.

मग केतकीने स्वतःच कंबर कसली. दिवसाची मिनिटं चौदाशे चाळीस. म्हणजे कौस्तुभची गावंही चौदाशे चाळीसच, त्याहून एक जास्त नाही. तिने सगळीच्या सगळी उगवली. पडद्यावर एकाखाली एक नकाशे आले: तीच नदी, तीच टेकडी आणि दर खेपेला नव्याने पिसलेली घरं. यांतल्या एका गावात तिचा संसार होता. पण ओळखायचं कसं? विचारायची बंदी तिनेच घातली होती. नकळत त्याच्या तोंडून निसटलेल्या तीन गोष्टी तेवढ्या तिच्याजवळ होत्या. आईच्या घरासमोर तिठा आहे. नदीकडे उतरायला दगडी पायऱ्या आहेत. आणि केतकीचं घर टेकडीखालचं शेवटचं. तिने या तीन चाळण्या लावल्या. साठेक गावं उरली. तिने ती साठ गावं इतक्या वेळा पाहिली की तिला स्वतःलाच त्यांतली घरं ओळखीची वाटू लागली.

कौस्तुभला विचारावं, तर तो आता जुनं आणि नवं गाव एकत्र कालवून सांगायचा. "तिठ्यावर गिरणी आहे, तिथेच आई राहते," असं म्हणायचा, आणि स्वतःलाच ते पटत नाही हे त्याच्या डोळ्यांत दिसायचं. जेवताना घास हातात धरून बसायचा. "केतकी," तो म्हणाला, "तू आहेस तोवर विचारून घेतो. मी तुला कधीपासून ओळखतो?"

चौथ्या दिवशी शैलजाबाई परतल्या. उन्हाने चेहरा काळवंडलेला, पायात सूज. दारातच म्हणाल्या, "पहाटे तीन दहा. ही खरी. देवाशपथ खरी."

"नक्की?"

"नक्की गं. त्याहून खरी या जगात नाही."

केतकीने तीन दहाचं गाव उघडलं. नदीवर पायऱ्या होत्या. टेकडीखाली एकटं घर होतं. तिठा मात्र नव्हता, एक साधा सरळ चौक होता. ती बराच वेळ त्या चौकाकडे बघत बसली. मग तिने ठरवलं की कौस्तुभ चौकालाच तिठा म्हणत असेल, चौथा रस्ता अरुंदच तर आहे. जन्मभर जनावरांमागे हिंडलेला माणूस, त्याला कशाला रस्ते मोजायला हवेत. बुडणाऱ्याला जे दिसतं ते तिला दिसलं, आणि तिने ते धरलं.

*

या वेळी इनामदारांनी परवानगी दिली होती, म्हणून केतकीने पडद्यावर गावाचा नकाशा लावला होता. नकाशावर कौस्तुभ म्हणजे एक हिरवा ठिपका. ठिपका पायऱ्या चढून वर आला आणि थेट चौकात गेला. एका घरासमोर थांबला. आत गेला, बाहेर आला. शेजारच्या घरात गेला, बाहेर आला. मग त्याने चौकातली सगळी घरं पालथी घातली, आणि मग धावायला लागला.

"बाहेर काढा त्याला," केतकी ओरडली.

हेडसेट काढला तेव्हा कौस्तुभ थरथरत होता. त्याने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि केतकीकडे पाहताना त्याची नजर जेमतेम एक क्षणच जास्त रेंगाळली. इनामदारांनी त्याला झोपेचं इंजेक्शन दिलं आणि केतकीला म्हणाल्या, "आता एकदाच. आणि लवकर."

शैलजाबाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. केतकी त्यांच्यासमोर उभी राहिली तेव्हा तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू येईना.

"तुम्ही खोटं सांगितलंत."

"नाही गं. खरं सांगितलं. पुण्याला संस्थेत जाऊन, जुन्या बाईंचे पाय धरून खरी वेळ काढून आणली."

"कुठल्या संस्थेत?"

शैलजाबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि मग, आता लपवण्यात काय उरलंय, अशा बेताने खाली सोडला. "तिथूनच आणलाय त्याला. महिन्याचा होता. मला मूल होत नव्हतं. ह्यांनी बँकेतून सांगलीला बदली मागून घेतली, म्हणजे नव्या गावात कुणाला कळायला नको. त्यालाही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पत्रिकेची वेळ एका ओळखीच्या भटजींनी तुझ्या पत्रिकेशी जुळवून दिली. तू खरी वेळ मागितलीस, माझ्याकडे ती कधी नव्हतीच; संस्थेने तारीख तेवढी सांगितली होती. कुठली आई विसरते म्हणतेस तू. मी विसरले नाही, केतकी. मी तिथे नव्हतेच."

केतकी त्यांच्या शेजारी बसली. अंगात फक्त राग होता. "एवढी वर्षं," ती म्हणाली. "तो बरा होऊ दे. पहिली गोष्ट त्याला हीच सांगणार आहे मी."

"सांग. पण बरा कर."

"कशाने करू? खरी वेळ भरली, तरी गाव..." आणि ती बोलता बोलता थांबली.

खरी वेळ. ती पहिल्यापासून खरी वेळच मागत होती. सीडला खऱ्या-खोट्याशी काय देणंघेणं? फासे तेच पडायला हवे असतील तर आकडा तोच लागतो, खरा लागत नाही. हे तिने किती नवशिक्या पोरांना शिकवलं होतं, आणि स्वतःच्या घरात मात्र ती सत्य धुंडाळत बसली होती. अमावास्येच्या आजीचं खरं चाललं होतं, कारण त्या आजीने दाखल करताना ते सांगितलं होतं. शैलजाबाईंजवळ तेव्हा खरं नव्हतंच. मग त्यांनी नर्सला सांगितलं तरी काय?

"आई, दाखल केलं त्या दिवशी तुम्ही नर्सला कुठली वेळ सांगितलीत?"

"ते खोटं होतं गं. म्हणून तर पुण्याला गेले. माझ्या खोटेपणाचंच हे त्याला भोवलं असं वाटलं मला."

"मला खोटंच हवंय. जे सांगितलंत तेच."

"पत्रिकेतली नाही सांगितली. म्हटलं, औषधाला भटजींची वेळ कशी चालेल? मग त्याला माझ्या ओटीत घातला ती वेळ सांगितली. ह्यांनी घड्याळ बघून सांगितलं होतं, हा ह्याचा जन्म धर. चार सत्तावन्न, दुपारचे."

केतकी उठून आत पळाली. चार सत्तावन्नचं गाव त्या साठांत होतं. तिठा होता, खरोखरचा तीन रस्त्यांचा. ते गाव तिने कितीदा तरी पाहिलं होतं, आणि दर वेळी पुढे ढकललं होतं.

*

शेवटच्या सत्राला शैलजाबाई पडद्यासमोर केतकीच्या शेजारी उभ्या होत्या. ठिपका नदीच्या पायऱ्यांवर उगवला. थोडा वेळ तिथेच राहिला. मग हलला, सावकाश, जुन्या वाटेने चालणारा माणूस चालतो तसा. कुठे अडखळला नाही. केतकीने इनामदारांचा दंड घट्ट धरला होता आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

"माझं घर कुठलं गं?" शैलजाबाईंनी विचारलं.

केतकीने तिठ्याकडे तोंड करून असलेल्या घरावर बोट ठेवलं. ठिपका तिठ्याकडे येत होता. शैलजाबाई पडद्याजवळ सरकल्या. ठिपका तिठ्यावर आला आणि न थांबता त्या घरावरून पुढे गेला, टेकडीच्या रस्त्याला लागला.

"घाईत असेल," शैलजाबाई म्हणाल्या.

टेकडीखालच्या शेवटच्या घरात ठिपका शिरला आणि तिथे इतका वेळ थांबला की केतकीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. परतताना तो पुन्हा तिठ्यावरून गेला, आणि पुन्हा थांबला नाही. इनामदारांनी केतकीकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. मग त्या बाहेर गेल्या.

हेडसेट काढल्यावर कौस्तुभ हसला. किती दिवसांनी. "सापडलं," तो म्हणाला. "केतकी, सगळं जागेवर आहे. तुझं घर, ती खिडकी, सगळं. ये इकडे." त्याने तिला कवेत घेतलं, आणि तिच्या खांद्यावरून त्याची नजर पलीकडे गेली. "काकू, तुम्ही उभ्या का? बसा ना."

शैलजाबाई खुर्चीवर बसल्या. अगदी सावकाश, सांधे दुखत असल्यासारख्या. कौस्तुभ पाणी प्यायला लागला तेव्हा त्यांनी केतकीचा हात ओढून खालच्या आवाजात विचारलं, "मीच का गं?"

केतकीला ते सांगायचं नव्हतं. पण तिला खोटं सुचेना. "कारण प्रत्येक वेळी तो आधी तुमच्याकडे गेला, आई. त्या सगळ्या चुकीच्या गावांत त्याने पहिल्यांदा तुमचंच घर शोधलं. जितक्या वेळा शोधलं तितक्या वेळा ते सापडलं नाही, आणि तितक्या वेळा ती गाठ सैल झाली. माझ्यापर्यंत तो पोचलाच नाही. म्हणून मी राहिले."

शैलजाबाईंनी मान हलवली. त्यांना विज्ञान कळलं की नाही कोण जाणे, पण गोष्ट कळली. "परत कधी?"

"ते परत येणार नाही. नवं काही बांधता येईल. पहिल्यापासून."

"काय कुजबुजताय दोघी?" कौस्तुभने भांडं खाली ठेवलं. "केतकी, ओळख तरी करून दे. या कोण?"

केतकी तोंड उघडणार, त्याच्या आत शैलजाबाई बोलल्या. त्यांचा आवाज कापला नाही. "मी तुझी आई."

कौस्तुभ त्यांच्याकडे बघत राहिला. नाकापासून कपाळापर्यंत त्याने तो चेहरा तपासला, आजारी जनावर तपासावं तसा, मन लावून. त्याला काहीच सापडलं नाही हे दिसत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती हेही दिसत होतं. मग त्याने केतकीकडे पाहिलं. जगात सध्या त्याला एकाच माणसाचं खरं वाटणार होतं.

"खरंच?" त्याने विचारलं.

कालच जिने त्याला सगळं सांगायची शपथ घेतली होती, तीच ही. शैलजाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या मांडीवर हात ठेवून खाली बघत होत्या.

"हो," केतकी म्हणाली. "तुझ्या जन्मापासून."

कौस्तुभने पलंगावरची उशी उचलून मांडीवर घेतली आणि शैलजाबाईंसाठी शेजारी जागा करून दिली.